आवाजामागची घरघर

सिंदी रेल्वे या गावात आणि आसपासच्या खेड्यांत गजेंद्रचा चेहरा ओळखणारी माणसं थोडी. त्याचा आवाज मात्र सगळ्यांच्या ओळखीचा. डोळ्यांचं शिबिर, साड्यांचा सेल, शाळेचे प्रवेश, उद्या नळ येणार नाहीत ही सूचना, तान्ह्या पोळ्याची वेळ, जे काही गावाला सांगायचं असेल ते ऑटोवर बांधलेल्या भोंग्यातून त्याच्या आवाजात गल्लीबोळांत शिरायचं. भरदार आवाज, शेवटच्या शब्दावर किंचित रेंगाळणारा. गावात कोणी वारलं तरी तोच सांगायचा. तेव्हा मात्र तो रेंगाळत नसे. नाव, वेळ, घाट, एवढं सांगून थांबायचा.

त्याचे वडील मोतीलाल यांचं भांड्यांचं दुकान होतं. गजेंद्रला गल्ल्यावर बसवलं की गिऱ्हाईक भांडं न घेता गप्पा मारून निघून जायचं. मोतीलालनी पोराला बरेच दिवस बोल लावले, मग एका दिवाळीत वैतागून आपल्याच दुकानाच्या जाहिरातीसाठी माइकसमोर उभं केलं. त्या दिवाळीत दुकानात पितळेचा एक डबा उरला नाही, असं मोतीलाल मरेपर्यंत सांगत राहिले. ते गेल्यावर गजेंद्रने दुकानाची खोली मेडिकलवाल्याला भाड्याने दिली आणि मागच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर, एक चांगल्यातला माइक आणि भिंतींना जुन्या रजया, अशी रेकॉर्डिंगची सोय केली.

मयुरी अल्लीपूरच्या शेतकरी घरातली. लग्नाआधी तिने त्याचा आवाज अल्लीपूरच्या बाजारात बियाण्याच्या जाहिरातीत ऐकलेला होता. बघायला आलेल्या पोराने पाणी मागितलं तेव्हा ती ट्रे घेऊन दारातच थबकली. वडिलांना वाटलं, पोरगी लाजली. लग्नानंतर ती घरीच ब्लाउज शिवायची, पिको-फॉल करायची. एक मुलगी झाली, सुरभी. ती आता लग्न होऊन पुलगावला असते.

घरात तिसरं माणूस म्हणजे गजेंद्रची आई, सुमित्राबाई. काचबिंदूने त्यांचा आधी एक डोळा गेला, मग दुसरा. डोळे गेल्यावर घर त्यांच्यासाठी आवाजांचं झालं. मयुरीच्या बांगड्या, शिलाई मशीन, मेडिकलचं शटर, फलाटावर न थांबता धडाडत जाणाऱ्या गाड्या. आणि गजेंद्र. तो उंबरठ्यावरूनच बोलत यायचा: आई, मी आलो, ऊन लई आहे, चहा झाला का. दुपारी जेवण झालं की तो तिच्या खाटेशी बसून पेपर वाचून दाखवायचा, निधनाच्या बातम्या आधी, कारण तिला त्या आधी हव्या असत. तो वाचत असताना म्हातारी तोंड त्याच्याकडे वळवून बसायची, अगदी पाहत असल्यासारखी.

मागच्या होळीच्या सुमारास त्याचा आवाज बसला. लोक म्हणाले, ऋतू बदलला. मध झालं, हळदीचं दूध झालं, ज्येष्ठमधाच्या काड्या चघळून झाल्या. एका कापडवाल्याने जाहिरात ऐकून हळूच म्हटलं की भाऊ, तुम्हाले बरं वाटलं की करू, घाई नाई. ते गजेंद्रला लागलं. मयुरीने त्याला वर्ध्याच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने आत नळी घालून पाहिलं आणि सेवाग्रामच्या दवाखान्याची चिठ्ठी दिली.

सेवाग्रामच्या डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण त्यांनी आडपडदा ठेवला नाही. गाठ स्वरयंत्रावर होती. ते काढावंच लागणार होतं, सगळंच. गळ्याला खालच्या बाजूला एक भोक राहील, श्वास तिथून घ्यायचा. जीव वाचेल. मात्र साखर फार वाढलेली होती. ती खाली येईपर्यंत काही आठवडे औषधं, मग ऑपरेशन. गजेंद्रने तंबाखू-सुपारीचा खर्रा मुलगी झाली तेव्हाच सोडला होता. तेही त्याने त्यांना सांगितलं, जणू त्यावर काही सूट मिळेल. मग विचारलं, आवाजाचं काय? त्या म्हणाल्या, बोलायच्या दुसऱ्या रीती आहेत, शिकता येतात, पण हा आवाज राहणार नाही.

 परतल्यावर स्टेशनातून घराकडे चालताना तो एका बंद टपरीच्या सावलीत थांबला.

“आईले सांगू नको,” तो म्हणाला. “तिले दिसत नाई, मयुरी. मी बोललो नाई त मी तिच्यासाठी घरातच नाई.”

 मयुरीने त्याच्या हातातली पिशवी आपल्या हातात घेतली.

दुसऱ्या दिवसापासून त्याने आईसाठी रेकॉर्डिंग सुरू केलं. पेपर वाचून उपयोग नव्हता, बातमी दुसऱ्या दिवशी शिळी होते. म्हणून तो बोलायचा. आई, मी आलो. आई, चहा झाला का. बाबाच्या दुकानाच्या गोष्टी, मावशीच्या लग्नात हरवलेली चप्पल, कोणत्या घरी कोण नांदतं, कोणाचा पोरगा कुठे लागला. आईला त्याने सांगितलं की काही दिवस कामासाठी नागपूरला राहावं लागेल, तोवर तू हे ऐकत जा. सुमित्राबाई बरं म्हणाल्या. त्याने पहिलं रेकॉर्डिंग स्पीकरवर लावलं. म्हातारीने मान तिरकी करून जरा वेळ ऐकलं आणि विचारलं, “गजू, तुह्या मांगं कोन घोरून राह्यलं?”

कोणी घोरत नव्हतं. ती कॉम्प्युटरची घरघर होती. सीपीयूच्या डब्यात मागच्या बाजूला पंखा असतो, त्याचा. इतकी वर्षं ती प्रत्येक जाहिरातीत होती, पण जाहिरातीखाली गाण्याची धून असायची, तिच्यात ती बुडून जायची. नुसत्या आवाजामागे ती उघडी पडली. आणि आवाज जसजसा बारीक होत होता तसा माइक वाढवावा लागत होता. माइक वाढवला की घरघरही वाढायची. खोलीतला कूलर बंद करता येत होता, वरचा पंखा बंद करता येत होता, गाडी जाईस्तोवर थांबता येत होतं. कॉम्प्युटर बंद करून कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग कसं करणार?

मोबाइलवर करून पाहिलं. सुमित्राबाई म्हणाल्या, हा फोनवरचा गजू आहे, घरातला नाई. सीपीयू अंगणात ठेवून पाहिला. माइकची वायर पुरेना, आणि लांब वायर आणली तर तिचीच वेगळी भुणभुण यायला लागली. घरघर पुसून टाकायची सोय कॉम्प्युटरमध्ये होती. गजेंद्रने ती वापरली तर घरघरीबरोबर आवाजाचाही लचका गेला. पाण्याखालून बोलल्यासारखं ऐकू यायला लागलं. त्याने ते पुसलं आणि खुर्चीवर नुसता बसून राहिला.

मयुरीला कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं. पण त्या दुपारी चहाचा कप ठेवताना तिचा तळहात सीपीयूच्या पत्र्यावर टेकला आणि घरघर एकदम खाली आली. हात उचलला, पुन्हा वाढली. हे तिच्या ओळखीचं होतं. शिलाई मशीनला मोटार बसवली तेव्हा सगळं टेबल असंच थरथरायचं, शेजारच्या मांडणीवरचे कप किणकिणायचे. शेवटी तिने मशीनखाली जुन्या सतरंजीची घडी घातली होती, तेव्हा ते थांबलं.

तिने गजेंद्रला पेचकस आणायला लावला. डब्याची एक बाजू उघडून त्याने पंख्याचे चारही स्क्रू काढून दिले. मयुरीने चालता पंखा कडेने चिमटीत धरून हवेत उचलला. नुसता वारा ऐकू येत होता. परत पत्र्याला टेकवला की घरघर.

“पंखा नाई ओरडत,” ती म्हणाली. “डबा ओरडते.”

गजेंद्र त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी हसला.

मग मयुरीने मनावर घेतलं. उन्हाळा होता, लग्नाचे ब्लाउज पडून होते, बायका दारात येऊन तगादा लावत होत्या. ती हो म्हणायची आणि पुन्हा त्या डब्याशी बसायची. पंक्चरवाल्याकडून सायकलची फाटकी ट्यूब आणली, तिच्या गोल चकत्या कापून पंखा आणि पत्रा यांच्यामध्ये घातल्या. थोडा फरक पडला, पण स्क्रू लोखंडाचेच. थरथर त्यांच्या अंगातून पत्र्यात जायचीच. मग ब्लाउजच्या कपांचा स्पंज घालून पाहिला. स्क्रू आवळला की स्पंज दबून पापड व्हायचा आणि पुन्हा होतं तेच. शेवटी तिने स्क्रू काढूनच टाकले. चार कोपऱ्यांच्या भोकांतून इलास्टिक ओवून पंखा खाटेच्या नवारीवर निजवावा तसा डब्यात अधांतरी टांगला. कुठेच टेकत नव्हता. घरघर जवळजवळ गेली. सीपीयूखाली तिने गोधडीची घडी घातली, तेव्हा उरलीसुरली टेबलातली थरथरही गेली.

गजेंद्र रोज थोडं थोडं बोलायचा. काही दिवस आवाज साफ बसलेला असायचा, तेव्हा तो माइकपुढे बसायचाच नाही. पण एका दुपारी, कोण जाणे कसा, त्याचा गळा मोकळा झाला. अगदी भोंग्यातला आवाज, शेवटच्या शब्दावर रेंगाळणारा. त्याने लगेच कूलर बंद करायला लावला. अंगाची लाही होत होती, घाम ठिबकत होता, आणि तो आईची आवडती गोष्ट सांगायला लागला. तो लहान असताना तापाने फणफणला होता, नाल्याला पूर आला होता, आणि मोतीलालनी दुकानातलं तांब्याचं मोठं घंगाळ आणून त्यात पोराला निजवलं. एका बाजूने बाप, दुसऱ्या बाजूने आई, कमरेएवढ्या पाण्यातून घंगाळ तरंगत पलीकडे डॉक्टरकडे नेलं. ही गोष्ट त्याने आईच्या तोंडून शेकडो वेळा ऐकली होती. आज तो ती आईला परत सांगत होता. मयुरी उंबरठ्यावर बसून ऐकत होती. खोलीत इतकी शांतता होती की तिला मनातून अभिमान वाटला. कॉम्प्युटर आहे की नाही तेसुद्धा कळत नव्हतं.

घंगाळ पैलतीराला लागायच्या आधीच पडदा काळा झाला.

गजेंद्र आधी बोलतच राहिला. मग थांबला. सीपीयूला हात लावला तर पत्रा तापलेला. उघडून पाहिलं तेव्हा कळलं: गरमीने इलास्टिक सैल पडलं होतं, पंखा तिरका होऊन त्याचं पातं एका वायरीत अडकून बसलं होतं. पंखा केव्हाच थांबलेला होता. ती शांतता पंख्याच्या थांबण्याची होती. आत ऊब साठली आणि कॉम्प्युटर स्वतःच बंद पडला. बोललेलं कुठेच साठवलं गेलं नव्हतं.

तो रागावला नाही. रागावला असता तर मयुरीला सोपं गेलं असतं. पाणी पिऊन त्याने कॉम्प्युटर निवायची वाट पाहिली, पंखा तात्पुरता जागेवर बसवला आणि गोष्ट पुन्हा सुरू केली. पण गळ्यातून चिरका आवाज आला, मग खोकला, मग खोकल्यात थोडं रक्त. त्याने माइकवर फडकं टाकलं. “राहू दे आता,” म्हणाला.

मयुरी मशीनवर जाऊन बसली आणि एका नवरीच्या ब्लाउजची बाही उलटी शिवली. ती उसवताना तिच्या डोळ्यांतलं पाणी कापडावर पडलं. मग तिने कापड बाजूला सारलं.

पुढच्या काही दिवसांत त्याने त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. मयुरी टाकत होती. उसवताना, शिवताना, तिच्या डोक्यात तोच पंखा फिरत होता. कोटाचं बटण कापडाला चिकटवून शिवत नाहीत. मध्ये दोऱ्याची मान ठेवतात, म्हणजे बटण धरलेलं राहतं आणि तरी हलतं. तिने ट्यूबच्या बारीक, जाड पट्ट्या कापल्या. पंख्याच्या कोपऱ्यातल्या भोकातून आणि पत्र्याच्या भोकातून एकेक पट्टी ओढून घेतली, दोन्ही बाजूंना घट्ट गाठ, आणि मधोमध थोडी मान सोडली. रबर इलास्टिकसारखं पसरत नव्हतं. सगळ्या वायरी तिने दोऱ्याने बांधून लांब ओढून ठेवल्या. कॉम्प्युटर सुरू केला. शांत. पंखा पुन्हा थांबला की काय म्हणून तिने कागदाचा कपटा त्याच्यापुढे धरला, तो फडफडला. दुपारभर उन्हात, कूलर बंद ठेवून, ती पत्र्यावर हात ठेवून बसली. पत्रा तापला नाही, थरथरला नाही.

तिने त्याला बोलावलं. तो आला, ऐकलं, आणि तिच्याकडे पाहून मान हलवली. मग माइकवरचं फडकं काढलं.

पण तोवर त्याचा आवाज गेलाच होता. जे उरलं होतं ते कुजबुजीसारखं, वाऱ्याने भरलेलं. तरी तो बोलला. सेवाग्रामला जायच्या दिवसापर्यंत रोज बोलला. त्या रेकॉर्डिंगमध्ये मागे काहीच नव्हतं, ना घरघर, ना भुणभुण. त्याचा प्रत्येक श्वास, घशातली ओढाताण, शब्दाच्या आधी गिळलेली थुंकी, सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. मयुरीने एक तुकडा ऐकला आणि स्पीकर बंद केला. घरघर होती तेव्हा आवाज होता. घरघर गेली तेव्हा आवाज गेलेला.

निघताना त्याने आईच्या पायाला हात लावला. सुमित्राबाईंनी त्याचं डोकं चाचपलं, केसांतून हात फिरवला. लवकर येजो, एवढंच म्हणाल्या.

ऑपरेशनला सकाळपासून दुपार झाली. मयुरी बाहेरच्या बाकावर बसून होती. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या की नीट झालं, सगळी गाठ निघाली. मयुरीने हात जोडले. आत तो शुद्धीवर आला तेव्हा त्याने तिला पाहून ओठ हलवले, सवयीने. काही आलं नाही. त्याच्या डोळ्यांत जे दिसलं ते मयुरीने नंतर कधी कोणाला सांगितलं नाही.

त्या दिवसांत म्हाताऱ्या आजीजवळ सुरभी येऊन राहिली होती. तिने फोन केला. मयुरीने सांगितल्याप्रमाणे तिने नवी, स्वच्छ रेकॉर्डिंगं आधी लावली होती. सुमित्राबाईंनी थोडं ऐकून हात वर केला.

“हे बंद कर,” त्या नातीला म्हणाल्या. “हा दवाखान्यातला गजू आहे. मले तो पयलेचा लाव, घोरन्याचा.”

सुरभी गोंधळून म्हणाली की बाबा नागपूरला आहेत. त्यावर आजी म्हणाली की मला कोणी सांगायची गरज नाही. डोळे गेले आहेत, कान नाहीत. होळीपासून ती त्याच्या गळ्यातला आजार ऐकत होती. तो लपवतो आहे, तर त्याला लपवू द्यावं, म्हणून गप्प राहिली होती. घरघरीबद्दल ती म्हणाली, असू दे, ती त्या खोलीचीच आहे, मले सवय झाली तिची.

मयुरीने दवाखान्याच्या व्हरांड्यात उभं राहून हे ऐकलं. तिच्या बोटांना अजून ट्यूबच्या रबराचा वास येत होता, निदान तिला तसं वाटलं. गजेंद्रला तिने यातलं काही सांगितलं नाही.

तो घरी आला तेव्हा उंबरठ्यावर थांबला. एरवी तिथून बोलत यायचा. आता नुसता उभा राहिला, गळ्यावर मयुरीने शिवलेलं मलमलीचं फडकं. सुमित्राबाईंनी विचारलं, कोण आहे? तो जाऊन खाटेशी बसला आणि तिचा हात घेऊन आपल्या गालावर ठेवला. म्हातारीची बोटं गालावरून हनुवटीवर, तिथून खाली फडक्यावर गेली. फडक्यातून गरम श्वास येत होता. बोटं तिथे थांबली, मग हलकेच मागे झाली.

“आला,” त्या म्हणाल्या.

पुढचे महिने या घराने कसे काढले ते मयुरीच जाणे. दुपारी जेवण झालं की सुमित्राबाई रेकॉर्डिंग लावायला सांगायच्या, घरघरीचं. स्पीकरमधून गजेंद्र म्हणायचा, आई, चहा झाला का? म्हातारी उत्तर द्यायची, झाला बापा, तू घेतला का? स्पीकरमधला गजेंद्र तिचं न ऐकता मावशीच्या चपलेवर जायचा. ती हसायची, योग्य जागी हुंकार भरायची, मध्येच काही विचारायची आणि उत्तराची वाट न पाहता पुढचं ऐकायची. आणि खरा गजेंद्र शेजारी बसून असायचा. पहिले काही दिवस तो तिच्या प्रश्नांना मान हलवायचा, जणू तिला दिसणार होतं. मग एके दिवशी रेकॉर्डिंग सुरू होताच तो उठला, चपला घातल्या आणि स्टेशनवर जाऊन बसला. त्यानंतर रोज त्या वेळी तो फलाटाच्या टोकाच्या बाकावर असायचा. मयुरीने त्याला अडवलं नाही. स्वतःचा आवाज परक्यासारखा ऐकायचा आणि त्याला आईने उत्तर द्यायचं, हे माणसाने किती सोसायचं?

सकाळ-संध्याकाळ मात्र तो आईचं सगळं करायचा. तिला हाताला धरून अंगणात आणायचा, नखं काढायचा, पाय चेपायचा. ती त्याच्या हाताला ओळखायची, पण हाताशी फार बोलायची नाही. बोलणं दुपारसाठी राखून ठेवायची. मयुरीला कधी कधी वाटायचं, सासूला दोन मुलगे झाले आहेत, आणि त्यातल्या एकाचाच तिला लळा आहे.

थंडीत सुमित्राबाई गेल्या. दुपारची वेळ होती, रेकॉर्डिंग सुरू होतं, मयुरी पलीकडे एका फ्रॉकची शिवण घालत होती. स्पीकरमधून गजेंद्रने विचारलं, “आई, आयकून राह्यली ना?” या जागी म्हातारी नेहमी हो म्हणायची. मयुरीचा पाय मशीनच्या पायट्यावर थांबला. मागून घरघर येत राहिली. मग गजेंद्र पुढचं बोलायला लागला. मयुरी उठून खाटेशी गेली, नाकापुढे हात धरला, आणि स्पीकर बंद केला.

ती स्वतःच स्टेशनवर पळत गेली. गजेंद्र बाकावर बसून होता. तिला फलाटावरून येताना पाहून उभा राहिला, आणि ती जवळ पोहोचायच्या आधीच त्याला कळलं होतं. मयुरी त्याच्या छातीला कपाळ टेकून रडली. त्याच्या गळ्यातून नुसती हवा येत-जात होती, भराभर. रडायलाही आवाज लागतो, हे तिला तेव्हा समजलं.

सुमित्राबाईंची बातमी गावाला सांगायला ऑटोवाल्याने विचारलं, काय लावू. त्याच्याकडे गजेंद्रच्या जुन्या सूचना होत्या, पण त्यांत दुसऱ्यांची नावं. मयुरी म्हणाली, तुमीच बोला. त्याने माइक हातात घेऊन अडखळत सांगितलं, वेळ आधी आणि नाव नंतर.

दवाखान्याने गजेंद्रला एक यंत्र दिलं होतं, विजेरीएवढं. ते गळ्याला टेकवून ओठ हलवले की यंत्राच्या थरथरीतून शब्द उमटतात, सगळे एकाच सुरात. आई असेपर्यंत त्याने ते डब्यातून काढलं नव्हतं. तेरवी झाल्यानंतर काही आठवड्यांनी मयुरीला मागच्या खोलीतून घूं असा आवाज आला. तिला वाटलं, ट्यूबची पट्टी तुटली, पंखा पत्र्याला टेकला. ती कात्री घेऊन आत गेली. कॉम्प्युटर बंद होता. गजेंद्र भिंतीकडे तोंड करून बसला होता आणि ते यंत्र त्याच्या जबड्याखाली होतं. तिला पाहून त्याने पटकन खाली घेतलं, चोरी पकडल्यासारखं. मग पुन्हा लावलं.

“मयुरी,” यंत्र म्हणालं. “बस.”

ती बसली.  त्याने पुन्हा यंत्र लावून विचारलं की कात्री कशाला आणली. तिने सांगितलं. तो हसला, हसण्याचाही आवाज नव्हता, नुसते खांदे हलले. मयुरीही हसली, आणि मग तिला ते आवरेना, आणि मग ते हसणं राहिलं नाही. त्याने यंत्र खाली ठेवून तिच्या पाठीवर हात ठेवला.

आता त्या खोलीत गजेंद्र लग्नपत्रिका आणि दुकानांचे बोर्ड तयार करून देतो. गिऱ्हाईक आलं की यंत्र लावून मोजकं बोलतो. लहान पोरं दारात थांबून ऐकतात, त्यांना तो हाकलत नाही. भोंग्यातून आता वर्ध्याच्या कोणा मुलीचा आवाज येतो, छान असतो. आईसाठी केलेली रेकॉर्डिंगं कॉम्प्युटरमध्येच आहेत. दोघांपैकी कोणी ती लावत नाही, आणि पुसतही नाही. संध्याकाळी मयुरी शिवत असते तेव्हा तो कधी कधी शेजारी येऊन बसतो आणि यंत्र लावून दिवसभराचं सांगतो, एका सुरात, सगळे शब्द सारख्याच उंचीचे. मयुरीला त्या आवाजाची अजून सवय झालेली नाही. झाली आहे, असं ती त्याला सांगते.